रात्री आठलाच दिवा का विझतो?

मुलांनो, यवतमाळ जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत रात्री एखाद्या टेकाडावरून खाली पाहिले, तर वावरावावरांतून दिवे लुकलुकताना दिसतात. तूर शेंगांवर आलेली असते, हरभरा हिरवागार असतो, आणि ही बातमी रोही व रानडुकरे यांना कोणी न सांगताच कळते. म्हणून घरातले कोणी तरी रोज जागलीला जाते. पूर्वी सोबतीला कंदील आणि शेकोटी असे; आता पुष्कळ गोठ्यांवर सोलरचा दिवा असतो.

समजा, घाटंजीजवळच्या एका वावरात गोठ्याच्या छपरावर मे महिन्यात अशी एक सोलर प्लेट बसवली. पावसाळाभर आणि दिवाळीपर्यंत दिवे पहाटेपर्यंत जळत. डिसेंबर लागला आणि दिवा रात्री आठलाच विझू लागला. बाबा अंधारात बसून डबा वाजवतात आणि सकाळी तुरीच्या चार ओळी खाल्लेल्या सापडतात. घरात एकच निकाल लागतो, “बॅटरी गेली.” नवी बॅटरी दहा हजार रुपयांच्या घरात जाते, म्हणजे त्यासाठी कापसाच्या पैशाला हात लावावा लागणार.

बॅटरी खरोखरच गेली असेल का? असेलही. पण ती का गेली हे न शोधता नवी आणली, तर वर्ष-दोन वर्षांत तीही त्याच वाटेने जाईल. अशा प्रकरणात बॅटरी बहुधा गुन्हेगार नसून बळी असते. खरा गुन्हेगार दुसरीकडे असतो, आणि तो शोधण्यासाठी एक साधा मल्टिमीटर, एक वही आणि थोडे गणित एवढे पुरते. चला, शोधू या.

प्रथम यंत्रणा नीट ओळखून घेऊ. छपरावरची प्लेट सूर्यप्रकाशाचे विजेत रूपांतर करते. सिलिकॉनचा असा कामाचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला; तो प्रकाशाच्या केवळ सहा टक्के ऊर्जा विजेत बदलत असे. आजच्या प्लेटी याच्या तिप्पट आणि त्याहून चांगल्या आहेत. प्लेटीकडून वीज येते नियंत्रकाकडे, म्हणजे चार्ज कंट्रोलरकडे. तो बॅटरीचा राखणदार. बॅटरी भरली की तो आवक थांबवतो, आणि फार रिकामी होऊ लागली की दिवे तोडतो. बॅटरी मात्र जुन्या ओळखीची आहे. शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी फ्रान्सच्या गॅस्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली बनवली, आणि ट्रॅक्टरपासून गोठ्यापर्यंत ती अजून चालू आहे.

आपल्या गोठ्यावरची प्लेट १०० वॉटची, आणि बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची आहे असे धरू.

आता जमाखर्च मांडू. किराणा दुकानाचा हिशेब घालतो तसाच हा हिशेब, फक्त रुपयांऐवजी वॉट-तास. विदर्भात वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला साधारण पाच तास भर उन्हाचे मिळतात. म्हणजे १०० वॉट गुणिले ५ तास, ५०० वॉट-तास. पण प्लेटीची उष्णता, धूळ, तारा आणि बॅटरीतील भरण-उपसण यांत तिसरा हिस्सा सहज जातो. हाती उरतात सुमारे ३२५. ही आवक.

खर्च? नऊ वॉटचे तीन दिवे, सहा तास: १६२ वॉट-तास. दोन मोबाईल आणि एक टॉर्च भरायला आणखी ४० धरा. एकूण २०० च्या आसपास. आवक ३२५, खर्च २००. मग अडचण कुठे आली?

घरच्यांना विचारा, “मधल्या काळात नवीन काय जोडले?” हा प्रश्न मीटरपेक्षाही मोलाचा आहे. उत्तर येते, दिवाळीत लहान टीव्हीसाठी एक इन्व्हर्टर आणला. “पण टीव्ही तर आठवड्यातून एकदाच लावतो!” इथेच फसगत होते. इन्व्हर्टर १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करतो, आणि त्याला काही जोडलेले नसले तरी चालू असेपर्यंत तो स्वतःसाठी वीज खातो. लहान इन्व्हर्टर दहा वॉट खात असेल, तर चोवीस तासांचे झाले २४० वॉट-तास. तिन्ही दिव्यांपेक्षा जास्त! खर्च २०० वरून ४४० वर गेला आणि दिवा एकही वाढला नाही. रोज ११५ वॉट-तासांची तूट पडू लागली.

बॅटरीत एकूण १२ गुणिले १००, म्हणजे १२०० वॉट-तास मावतात. पण ती टिकावी म्हणून त्यातले निम्मेच वापरायचे असतात. ६०० ला ११५ ने भागा. पाच दिवसांत शिल्लक संपली. त्यातून इन्व्हर्टर बहुधा थेट बॅटरीला जोडलेला असतो. राखणदाराला वळसा घालून गेलेला हा पाहुणा नियंत्रकाने दिवे तोडल्यावरही उपसा चालूच ठेवतो.

इथेच थांबून इन्व्हर्टर बंद केला असता तरी बरेच काम झाले असते. पण दुसरा चोर असला तर? म्हणून मीटर हातात घ्या. बरोबर घरातले मोठे माणूस हवेच, कारण १२ व्होल्टचा झटका बसत नसला तरी बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर तो क्षणात लाल होतो. हातातले कडे, अंगठी काढून ठेवा. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ काडी ओढू नका.

पहिले मोजमाप पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी. दिवे, इन्व्हर्टर, सगळे बंद करून तासभर थांबा, आणि मग बॅटरीच्या दोन टोकांमधला विद्युतदाब मोजा. १२.६ ते १२.७ व्होल्ट असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ च्या जवळ असेल तर निम्मी. ११.८ असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. पहाटच का? दुपारी मोजले तर प्लेटीचा रेटा मागे असतो. रिकामी बॅटरीसुद्धा १३ व्होल्ट दाखवील. धावून आलेल्या माणसाची नाडी मोजावी तसे ते होते. दुकानात “बॅटरी चांगली आहे” किंवा “गेली” असे निकाल कित्येकदा अशाच अवेळी घेतलेल्या मापावरून दिले जातात.

दुसरे मोजमाप भर दुपारी. निरभ्र दिवशी नियंत्रकापाशी बॅटरीचा दाब हळूहळू चढत १४.४ व्होल्टच्या आसपास पोचला पाहिजे. तो रोज तिथवर चढत असेल आणि तरी रात्री आठला दिवा विझत असेल, तर संशय बॅटरीवर घ्यायला हरकत नाही. पण चढतच नसेल तर दोष आवकेच्या बाजूला आहे. आपल्या गोठ्यात तो १२.८ वर अडकलेला दिसतो. म्हणजे आवकेची वाट तपासायला हवी. छपराकडे पाहा.

प्लेटीवर धूळ आहे का? कापूस वेचणीचे दिवस, बैलबंडीची वाट शेजारून, धूळ असणारच. ती सकाळी थंड असताना पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. पक्ष्यांची विष्ठा मात्र घासूनच काढावी लागते, आणि ती का, हे पुढे कळेल.

आता सावली. “सावली कुठली? बसवली तेव्हा दिवसभर ऊन होते,” असे बाबा म्हणतील, आणि ते खरेही आहे. पण बसवली कधी? मे महिन्यात! यवतमाळ साधारण २०.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली काठीच्या पायाशीच मावते. मग डिसेंबरात काय होते? २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून अवघा ४६ अंश वर असतो. (मध्यान्ह म्हणजे बारा नव्हे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, यवतमाळ ७८ अंशांच्या जवळ. त्यामुळे आपल्या घड्याळात तेव्हा सव्वाबारा वाजलेले असतात.) ४६ अंशांवर सूर्य असला की सावलीची लांबी जवळजवळ वस्तूच्या उंचीइतकीच होते.

गोठ्याच्या दक्षिणेला पाच मीटरवर एक कडुलिंब आहे. त्याचा शेंडा प्लेटीपेक्षा सहा मीटर उंच. मे महिन्यात त्याची दुपारची सावली त्याच्या स्वतःच्या बुंध्याभोवती. पण सूर्य ५० अंशांच्या खाली उतरला की शेंड्याची सावली पाच मीटरच्या पुढे जाते. हिशेब केला तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचे दोन-तीन तास ती प्लेटीवर पडणार. नेमका तुरीचा आणि हरभऱ्याचा हंगाम! दिवा बिघडला डिसेंबरात, पण चूक झाली होती मे महिन्यात, जागा निवडताना.

“पण सावली तर प्लेटीच्या कोपऱ्यावरच आहे, चार-पाच घटांवर. बाकीच्यांवर ऊन आहे ना?” हा प्रश्न फार चांगला आहे. प्लेट निरखून पाहा. तिच्यात ३६ सौरघट आहेत आणि ते एकामागून एक, माळेसारखे, एकसर जोडणीत बसवलेले आहेत. एकसर जोडणीत सगळ्यांतून एकच प्रवाह जातो, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. अरुंद पांदणीतून बैलबंड्यांची रांग चालली असताना एक बंडी चिखलात रुतली, तर मागच्या पस्तीस बंड्यांचे बैल कितीही दमदार असले तरी उभेच राहतात. सावलीतल्या एका घटाला आभाळाचा जेवढा उजेड मिळतो, तेवढाच प्रवाह साऱ्या माळेतून जातो.

यावर उपाय म्हणून प्लेटीच्या मागच्या डबीत बहुधा दोन डायोड असतात. प्रत्येक डायोड १८ घटांना बगल देऊ शकतो. मोठ्या यंत्रणेत, जिथे अनेक प्लेटी एकापुढे एक जोडलेल्या असतात, तिथे याचा फार उपयोग होतो. पण आपली प्लेट एकटी! तिच्या निम्म्या घटांना बगल दिली की उरलेले १८ घट नऊ व्होल्टच्या आसपास दाब देणार, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीत नऊ व्होल्टवरून वीज शिरणार कशी? खालच्या पातळीवरचे पाणी वरच्या टाक्यात आपोआप चढत नाही. म्हणून एका फांदीची सावली, किंवा एका घटावर वाळलेली विष्ठाही प्लेटीची चाल मंदावते. दुपारचे तास असे गेले की आवक ३२५ वरून निम्म्यावर, १६० वर येते. खर्च ४४०, आवक १६०. आता दिवा आठला विझतो याचे नवल वाटत नाही. आठपर्यंत जळतो याचेच वाटते.

तिसरी जागा म्हणजे तार. हिच्याकडे कोणी पाहत नाही, कारण ती तुटलेली नसते. पण बारीक तारेने बरीच वीज वाटेतच गरम हवा करून टाकते. प्लेट नियंत्रकापासून १५ मीटर दूर आहे असे धरा. जाऊन-येऊन तार झाली ३० मीटर. तार तांब्याची, १.५ चौरस मिलीमीटर जाडीची. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलीमीटर जाड तांब्याच्या तारेचा रोध ०.०१७२ ओहम असतो. म्हणून ३० ला ०.०१७२ ने गुणा आणि १.५ ने भागा: सुमारे ०.३४ ओहम. प्रवाह ५ अँपिअर. ओहमच्या नियमाने वाटेत गळलेला दाब १.७ व्होल्ट! तार ६ चौरस मिलीमीटरची घेतली तर हाच आकडा ०.४३ वर येतो. २३० व्होल्टच्या घरगुती विजेत पावणेदोन व्होल्ट गेले तर कळतही नाही. १२ व्होल्टच्या घरात मात्र ते सातवा हिस्सा आहेत.

ही गळती थंडीत कशीबशी खपते, पण उन्हाळ्यात अंगावर येते. प्लेटीमागच्या चिठ्ठीवर “१८ व्होल्ट” असे लिहिलेले असते. ते माप घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना घेतलेले आहे. यवतमाळला मे महिन्यात हवाच ४४ अंशांवर जाते, आणि उन्हातली प्लेट तिच्याहून पंचवीस-तीस अंशांनी जास्त तापते. म्हणजे ७० अंश. दर अंशामागे सिलिकॉनचा कामाचा दाब सुमारे ०.४ टक्क्याने घटतो. ४५ अंशांना १८ टक्के. १८ व्होल्टचे राहिले १४.८. आता कळले ना, १२ व्होल्टच्या बॅटरीला १८ व्होल्टची प्लेट का देतात ते? हा वरचा दाब चैनीचा नाही, उन्हाळ्याची तरतूद आहे. त्या १४.८ मधून तारेने १.७ खाल्ले की उरतात १३.१, आणि बॅटरी तर १४.४ ची वाट पाहते आहे. प्रवाह मग आपोआप मंदावतो, आणि बॅटरी भरण्याचा शेवटचा टप्पा संध्याकाळ झाली तरी रेंगाळत राहतो. “उन्हाळ्यात ऊन जास्त, म्हणून वीज जास्त” हे पूर्ण खरे नाही. प्लेटीला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. म्हणूनच ती पत्र्याला चिकटवून न बसवता खालून वारा वाहील अशी वीतभर उचलून बसवतात.

सांधेही तपासा. त्याची एक सोपी युक्ती आहे. वीज वाहत असताना मीटरची एक टोचणी सांध्याच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे लावा. चांगला सांधा जवळजवळ शून्य दाखवतो. अर्धा व्होल्ट दिसला तर चोर सापडला! बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखे जमलेले असते तिथे हे हमखास घडते. सगळ्या जोडण्या सोडवून ते गरम पाणी व खाण्याच्या सोड्याने धुवायचे, वाळवायचे, घट्ट आवळायचे आणि वरून व्हॅसलिन लावायचे. सोडवताना आधी दिवे, मग प्लेट, शेवटी बॅटरी. जोडताना उलट, आधी बॅटरी. बॅटरीशिवाय प्लेट नियंत्रकाला जोडली तर कित्येक नियंत्रक जळतात.

एवढे झाल्यावर बॅटरीचे झाकण उघडू. वीज देताना तिच्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट बसत जाते आणि आम्ल पातळ होते. भरताना सारे उलट घडते. म्हणून आम्लाची घनता हीच तिची खरी शिल्लक, आणि ती हायड्रोमीटरने मोजता येते. सहाही घट सारखेच कमी दाखवत असतील, तर बॅटरी उपाशी आहे. पाच बरे आणि एक फारच खाली असेल, तर तो घट खराब आहे आणि तिथे नवी बॅटरीच घ्यावी लागते. उपाशी बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर सल्फेटचे बारीक कण मोठे, कठीण स्फटिक होतात आणि मग ते विरघळता विरघळत नाहीत. उपासाने बॅटरी मरते ती अशी. पाणी कमी असेल तर ऊर्ध्वपातित पाणीच घाला. बोअरचे पाणी गाळून, उकळून घेतले तरी त्यातले क्षार जात नाहीत. आम्ल हाताळणे मोठ्यांचे काम. तुम्ही आकडे लिहून घ्या.

तुमच्या वावरात दिव्याऐवजी सौर कृषिपंप असेल तर? २०१९ च्या कुसुम योजनेनंतर आणि २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेनंतर हे पंप पुष्कळ दिसतात. त्यात बॅटरी नसते, पण सावली, धूळ आणि उष्णता यांचे नियम तेच. तीन अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे ३००० वॉटच्या प्लेटी लागतात आणि त्या माळेत जोडून काही शे व्होल्ट दाब तयार करतात. तो जीवघेणा आहे, म्हणून त्याची पेटी तुम्ही उघडायची नाही, मीटरही लावायचा नाही. त्याऐवजी दुपारी सव्वाबाराला २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते मोजा आणि दर महिन्याला लिहून ठेवा. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. पंपाची गती निम्मी झाली की पाणी चढवण्याची त्याची उंची चौथाईवर येते. त्यामुळे सकाळच्या कोवळ्या उन्हात पंप फिरतो, पण पाणी येत नाही. आणि एप्रिलमध्ये विहिरीची पातळी खाली गेली की पाणी कमी होते, त्यात प्लेटीचा दोष नसतो.

आता पुन्हा गोठ्यावर. इन्व्हर्टरला स्वतंत्र बटण लावून तो बंद ठेवला. प्लेट छपरावरून काढून कडुलिंबाच्या पूर्वेला मोकळ्या जागी, लोखंडी खांबावर, दक्षिणेकडे तोंड करून २० अंश कलती बसवली, आणि तार ६ चौरस मिलीमीटरची घातली. त्या रात्री दिवा पहाटेपर्यंत जळेल? नाही. बॅटरी ६०० वॉट-तासांनी मागे आहे, आणि आवक ३२५ मधून २०० खर्च वजा जाता रोज १२५ च शिल्लक पडतात. पाच दिवस लागतील; बाबांनी तेवढे दिवस एकाच दिव्यावर काढले तर त्याहून लवकर होईल. रोज पहाटे मीटर लावून आकडा वहीत लिहा. ११.९, १२.१, १२.२ असा तो चढत जाऊन १२.६ ला टेकला, तर दहा हजार रुपये वाचले. पंधरा दिवस झाले, दुपारी १४.४ येतात आणि तरीही पहाटेचा आकडा जागचा हलत नाही, असे दिसले तर मात्र ती वही बाबांना दाखवा आणि बॅटरी बदलायला सांगा.